‘आपण’ म्हणजे कोण कोण? व्याख्यानमालेच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व कार्यकारिणी सदस्य,
व्याख्यानमाला समिती, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

या पत्रात मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणणार आहे. एरवी ‘आपण’ म्हटलं असतं, पण तो शब्द मला पुढे दुसऱ्या कामासाठी लागणार आहे.

यंदाच्या मालेतल्या चौथ्या व्याख्यानाबद्दल तुम्ही सभासदांना निवेदन पाठवलं आणि ते शहराच्या पानावर छापूनही आणलं. त्यात तीन वाक्यं आहेत. वक्त्यांनी अत्यंत संयत भाषेत विचार मांडले. संपूर्ण भाषणात एकही अपशब्द नव्हता. काही मोजक्या असंतुष्ट मंडळींनी विनाकारण वाद उकरून काढला आहे. त्या मोजक्यांत मी आहे. मी दोनदा लेखी पत्र दिलं, त्याला पोचसुद्धा मिळाली नाही. म्हणून आता सर्वांसमोर लिहिते आहे.

माझी ओळख तुम्हाला आहे, वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मी पंचवटीत राहते. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लहानपणी गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला वडिलांचं बोट धरून जायचे. उन्हाने तापलेले दगड संध्याकाळीही अंगाला गरम लागायचे आणि मी बहुतेक वेळा वडिलांच्या मांडीवर झोपून जायचे. ऐकायची सवय तिथे लागली. आपली माला त्या मानाने लहान, एका वस्तीची, एका सभागृहाची. पण गेली एकोणीस वर्षं मी तिच्यात स्वयंसेविका आहे. सतरंज्या घालणं, पाण्याचे जार मोजणं आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करणं ही कामं माझ्याकडे होती. वक्ते जे बोलले ते मी टीव्हीवर किंवा कुणाच्या मोबाइलवर ऐकलेलं नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मी सभागृहात होते.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. वक्ते सुंदर बोलतात. आवाज चढवत नाहीत, कुणाला शिवी देत नाहीत, मधेच एखादा अभंग म्हणतात. वाहिन्यांवर राजकीय विश्लेषक म्हणून त्यांचं नाव आहे. पंच्याहत्तर मिनिटांत एकदाही त्यांनी कुठल्या धर्माचं किंवा जातीचं नाव घेतलं नाही. हे सगळं तुम्ही म्हणता तसंच आहे. माझी हरकत इथूनच सुरू होते.

मराठीत बहुवचनी ‘मी’ला दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचं असेल तर ‘आम्ही’, धरून बोलायचं असेल तर ‘आपण’. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटलं की पाहुणा उठायच्या तयारीला लागतो. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की तो हात धुवायला जातो. हिंदीच्या ‘हम’मध्ये ही सोय नाही, इंग्रजीच्या ‘वी’मध्येही नाही. सहावीच्या मुलांना मी हे पाहुण्याचंच उदाहरण द्यायचे.

त्या संध्याकाळी वक्ते सतत ‘आपण’ म्हणत होते. आपण भाबडे आहोत. आपण घर विकताना फक्त भाव बघतो. आपण दुकानात पाट्या वाचत नाही. आणि या प्रत्येक ‘आपण’समोर एक ‘ते’ होतं. ते एकत्र राहतात, ते गल्ली धरून घरं घेतात, ते आपल्यासारखा विचार करत नाहीत. पुढे त्यांनी विनंतीच्या सुरात सांगितलं की घर भाड्याने देताना, कामाला माणूस ठेवताना आधी ‘आपला माणूस’ बघा. 2027 च्या सिंहस्थात घाटाच्या वाटेवर लाखो लोक खरेदी करतील, तेव्हा कुणाकडून घेताय ते ओळखून घ्या. हे सगळं हसत, हात जोडून. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

त्या वेळी मिक्सरच्या मागे आपले साउंडवाले चाचा बसले होते. गेली चौदा वर्षं आपल्या मालेचा आवाज तेच लावतात. वक्त्यांचा स्वर मधेच पडला तेव्हा त्यांनी उठून माइक थोडा जवळ सरकवून दिला. ‘ते’ कुठे राहतात, हे वक्ते त्याच माइकवरून सांगत होते. चाचांची मुलगी तिसऱ्या रांगेत होती. ती माझी विद्यार्थिनी, आणि तिला व्याख्यानाला मीच घेऊन आले होते.

म्हणून अपशब्द नव्हता हा तुमचा मुद्दा मला पुरत नाही. ‘आपण’ हा शब्द त्या दिवशी ‘आम्ही’च्या जागी वापरला गेला. समोर बसलेल्यांपैकी काहींना त्यातून काढलं गेलं आणि बाकीच्यांना ते कळलंही नाही, कारण शब्द तर जवळचाच होता. शिवी दिली असती तर निदान कुणीतरी दचकलं असतं.

तुमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला फोनवर सांगितलं, ‘ताई, खरं बोललं की टोचतं. टोचलं म्हणजे फूट पाडली असं होत नाही.’ हे त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. टोचणारं बोलणं आणि फोडणारं बोलणं यांत फरक आहे, आणि तो नाशिकइतका कुणाला माहीत असायला हवा?

2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आपल्या जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड होते, हजारो स्त्री-पुरुषांची मिरवणूक होती, आणि समोर बंद दरवाजे. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह त्यानंतरही काही वर्षं चालू राहिला. त्या काळात गावातल्या प्रतिष्ठितांनी सत्याग्रहींनाच समाजात दुही माजवणारे म्हटलं. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा तर फारच. ते बोलणं मऊ नव्हतं. अनेकांना ते आजही टोचतं. पण त्यातली मागणी बघा. आम्हाला धरा, दार उघडा, माणसांच्या मोजणीत आम्हालाही मोजा. इतकी वर्षं दार ठोठावून ते उघडलं नाही, तेव्हा येवल्याची घोषणा झाली. पुण्यात आगरकरांनाही हेच ऐकावं लागलं. त्यांच्या जहाल लिखाणाने समाज दुभंगतो म्हणून त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली.

या दोघांचंही बोलणं कठोर होतं आणि ते मोजणीत माणसं वाढवायला सांगत होतं. तुमच्या वक्त्यांचं बोलणं कोमल होतं आणि ते मोजणीतून माणसं कमी करायला सांगत होतं. भाषणाचं माप घ्यायचं तर मी इथे घेईन. आवाजाची पट्टी त्यानंतर बघू.

याच सदस्यांनी दुसरं एक उदाहरण दिलं, ते मात्र मला लागलं. ते म्हणाले, तुमच्यासारखे लोक वक्त्यांना द्वेष पसरवणारे म्हणतात आणि मग अमेरिकेत झालं तसं होतं. 10 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेच्या युटा राज्यात, ओरेम शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात चार्ली कर्क या 31 वर्षांच्या राजकीय वक्त्याला भर सभेत गोळी घालून मारलं. तो खून होता. त्यापुढे मी एकही ‘पण’ जोडत नाही, आणि कुणी जोडू नये. मी आयुष्यभर मुलांना शब्दाचं उत्तर शब्दाने द्यायला शिकवलं आहे. मला त्या हत्येच्या ओळीत उभं करणं हे तुमच्या सदस्यांना शोभत नाही.

आणि उदाहरण दिलंच आहे तर पुरतं बघू. त्या खुनानंतर तिकडे नेमका आपलाच वाद झाला. न्यूयॉर्क टाइम्समध्ये एझ्रा क्लाइन यांनी लिहिलं की कर्क योग्य रीतीने राजकारण करत होते, कारण ते विद्यापीठांत जायचे आणि जो येईल त्याच्याशी वाद घालायचे. त्याला ता-नेहिसी कोट्स यांनी व्हॅनिटी फेअरमध्ये उत्तर दिलं. त्यांनी कर्क यांची स्वतःची विधानं समोर ठेवली आणि मृत्यूनंतर त्या विधानांकडे डोळेझाक करण्यावर टीका केली. वंशभेदाला कायद्याने बंदी घालणारा 1964 चा नागरी हक्क कायदा ही चूक होती, असं कर्क जाहीरपणे म्हणाले होते. हे वाक्य कितीही शांतपणे उच्चारलं तरी ज्यांच्या आईवडिलांना त्या कायद्यामुळे हॉटेलात बसता आलं त्यांना ते कसं ऐकू आलं असेल? खून नीच होता, आणि बोलण्याची तपासणी करायचा हक्कही शाबूत आहे. या दोन गोष्टी एका माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात.

पण एक गोष्ट कर्क करत होते आणि तुम्ही केली नाहीत. त्यांच्या मेजावर ‘मला चूक ठरवा’ अशा अर्थाची पाटी असायची आणि माइक विरोधकाच्या हातात दिला जायचा. गोळी लागली तेव्हाही ते एका प्रश्नाचं उत्तर देत होते. आपल्या मालेत त्या दिवशी प्रश्नोत्तरं रद्द झाली.

आता तक्रारी नेमक्या सांगते.

पहिली, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी. माला सुरू झाल्यापासून शेवटची वीस मिनिटं चिठ्ठ्यांची असतात. त्या दिवशी माझ्याकडे अकरा चिठ्ठ्या आल्या होत्या. मी डबा घेऊन व्यासपीठाच्या पायरीपर्यंत गेले तेव्हा मला सांगितलं की वक्त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं आहे. त्यानंतर ते पाऊण तास सभागृहाबाहेर लोकांबरोबर फोटो काढत होते, हे मी स्वतः पाहिलं. म्हणजे वेळ होता.

दुसरी. चाचांच्या मुलीने चिठ्ठी वाचली जात नाही हे बघून उभं राहून विचारलं. तिचा प्रश्न जसाच्या तसा माझ्या लक्षात आहे, कारण तो अगदी साधा होता. ‘सर, जुन्या नाशिकमधल्या विकल्या गेलेल्या घरांचा जो आकडा तुम्ही सांगितलात तो कुठून घेतला?’ एवढंच. आपल्या दोन स्वयंसेवकांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि तिसऱ्याने ‘इथे राजकारण नको’ असं म्हटलं. आकडा सांगणं राजकारण ठरलं नाही, आकड्याचा उगम विचारणं ठरलं.

त्या आकड्याबद्दल मला थोडं बोलू द्या. वक्त्यांनी जुन्या नाशिकचं जे चित्र उभं केलं ते पाहून मला प्रश्न पडला की हे कधी तिथे चालत गेले असतील का. काझीपुऱ्यात दंडे हनुमान चौक आहे. मोहल्ल्याचं नाव काझीचं आणि चौक मारुतीचा, आणि यात कुणाला काही विशेष वाटत नाही. रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, याच जुन्या गल्ल्यांत उघडतात, रंगात उड्या मारायला सगळं शहर तिथे लोटतं. तांबटांच्या हातोड्यांचा आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले, ती घरं आता कमी होत चालली, कारण घरात तांब्याची भांडी राहिली नाहीत आणि मुलं नोकऱ्यांना गेली. गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन वाड्याला कुलूप घालणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. भाऊबंदकीत अडकलेले, वरून गळणारे, पार्किंगला जागा नसलेले वाडे विकले जातात. शहर बदलतं त्याची अशी शंभर कारणं असतात. ती सगळी बाजूला सारून एकच कारण ‘ते’ असं सांगायचं, याला विश्लेषण कसं म्हणायचं?

तिसरी. मालेच्या वाहिनीवर टाकलेल्या चित्रफितीतून शेवटची सहा-सात मिनिटं गायब आहेत. मुलीचा प्रश्न नाही, तिला बसवलं ते नाही, आणि सिंहस्थात ‘ओळखून घ्या’ हा भागही नाही. तुमच्या निवेदनाप्रमाणे भाषण संयत होतं. मग कात्री नेमक्या त्याच भागाला का लागली, हे मला समजावून सांगा.

चौथी थोडक्यात. चाचांनी पुढच्या वर्षी येणार नसल्याचं कळवलं, आणि इतिवृत्तात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलं गेलं. मी त्यांना भेटले. त्यांनी तक्रार केली नाही, चहा दिला, आणि मॅडम, आता कान थकले म्हणाले. चौदा वर्षं ज्या माणसाने आपल्या प्रत्येक वक्त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला, त्याच्या दारात कार्यकारिणीतलं कुणीही गेलं नाही.

पाचवी तक्रार ‘असंतुष्ट मंडळी’ या शब्दाबद्दल. माझ्याबरोबर पत्रावर सह्या करणाऱ्यांत तुमचे जुने देणगीदार आहेत, कंपनीतून निवृत्त झालेले कामगार आहेत, एक कीर्तनकार बाई आहेत. यातल्या काहींना वक्त्यांचं राजकारण पटतं, मला ते त्यांनी सांगितलं आहे. त्यांना न पटलेली गोष्ट प्रश्न बंद करण्याची आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय, नुसतं भाषणच होतं. फेब्रुवारी 2008 आठवा. परप्रांतीयांविरुद्धची भाषणं ऐकून झाली आणि मग नाशिकमध्ये मारहाण, दगडफेक सुरू झाली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार कुटुंबं घेऊन स्टेशनावर गोळा झाले. माझ्या वर्गातली एक हिंदी बोलणारी मुलगी त्या आठवड्यात गेली ती परत आलीच नाही. तिची प्रगतिपुस्तिका कितीतरी दिवस माझ्या कपाटात होती. तेव्हाचे शब्द उघड आणि तिखट होते. आताचे गोड आहेत. पण घर देऊ नका, काम देऊ नका, माल घेऊ नका, हा सल्ला दोन्हींत सारखाच आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण माझ्या पत्राचा तसा अर्थ लावला गेला. मला पोलीस ठाण्यात जायचं नाही. दोन समाजांत वैर वाढवण्याचं कलम पूर्वी 153-अ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 196 आहे. हे भाषण त्यात बसतं की नाही हे ठरवणारी मी कोण? पण गुन्हा ठरला नाही म्हणजे भाषण सभ्य ठरलं, ही उडी मला मान्य नाही. डिसेंबर 2020 मध्ये एका वृत्तनिवेदकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा बोलण्यात शब्दांबरोबर संदर्भ, हेतू आणि परिणाम बघावा लागतो, आणि ज्यांचा प्रभाव मोठा त्यांच्यावर जबाबदारीही मोठी. तुम्ही फक्त शब्द तपासलेत. तेही अपशब्द आहेत का, इतकंच.

माझ्या मागण्या अशा आहेत.

निवेदनातला ‘असंतुष्ट मंडळी’ हा उल्लेख मागे घ्या आणि आमचं सह्यांचं पत्र त्याच यादीतल्या सर्व सभासदांना पाठवा. भाषणाबद्दल तुमचं मत तुमच्याजवळ ठेवा, मला ते बदलून मागायचं नाही. पण सभासदांना दोन्ही वाचू द्या.

चित्रफीत पूर्ण स्वरूपात टाका. ज्याला भाषण संयत वाटलं आणि ज्याला वाटलं नाही, त्या दोघांनाही ती पूर्ण बघता आली पाहिजे.

घरांच्या आकड्याचा आधार वक्त्यांकडून लेखी मागवा आणि आलेलं उत्तर फलकावर लावा. आधार मिळाला तर मी स्वतः तो वाचून दाखवीन.

शेवटची वीस मिनिटं चिठ्ठ्यांची, हा नियम लेखी करा. वक्ता कुणीही असो, डावा, उजवा, मंत्री, संपादक. ज्यांना प्रश्न नको असतील त्यांना निमंत्रण देताना विचारून घ्या आणि मग बोलवू नका. चिठ्ठ्या वाचण्याआधी चाळायच्या नाहीत.

अध्यक्षांनी आणि सचिवांनी चाचांच्या घरी जावं. त्यांच्या मुलीला ज्या रीतीने बसवलं त्याबद्दल तिची क्षमा मागावी. हे पत्राने होणार नाही, जावं लागेल.

आणि त्याच वक्त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा. हे वाचून माझ्यासोबत सह्या करणारे काही जण नाराज होतील, त्यांच्याशी माझी यावर चर्चा झाली आहे आणि आमचं एकमत नाही. मला त्यांचं तोंड बंद करायचं नाही. त्यांनी यावं, हवं ते बोलावं, आणि मग वीस मिनिटं बसावं. तिसऱ्या रांगेतल्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे बघून द्यावं.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमची बैठक आहे असं कळलं. सभासद म्हणून मी येणार आहे. त्या दिवशीच्या अकरा चिठ्ठ्या अजून डब्यात आहेत, मी एकही उघडलेली नाही. डबा बरोबर घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
पंचवटी, नाशिक